शिळफाट्याचे रंग, जपानची शाई

जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने पुण्याकडे निघालेला प्रवासी चौक आणि खालापूर मागे टाकतो, समोर सह्याद्रीची भिंत जवळ येऊ लागते आणि बोरघाटाची चढण सुरू होण्यापूर्वी खोपोलीच्या वेशीवर शिळफाटा लागतो. कल्याण-मुंब्र्याकडचा याच नावाचा नाका पुष्कळांना ठाऊक असतो, तो वेगळा. हा शिळफाटा रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील, खालापूर तालुक्यातील आहे. २००२ मध्ये द्रुतगती महामार्ग पूर्णपणे सुरू झाल्यावर घाईची वाहतूक तिकडे वळली. तरीही येथील दुकाने, टपऱ्या, एस.टी.ची वाट पाहणारी माणसे आणि मालवाहू गाड्या यांची वर्दळ थांबलेली नाही.

हा परिसर पिढ्यान्‌पिढ्या व्यापाराच्या वाटेवर आहे. कोकणातून देशावर जाणारा माल बोरघाटाने वर चढे. १८५६ मध्ये पळसदरीहून खोपोलीपर्यंत आगगाडी आली. घाटातील लोहमार्ग १८६३ मध्ये खुला होईपर्यंत प्रवासी खोपोलीस उतरत आणि पालखीने, तट्टावरून किंवा पायी खंडाळ्याकडे जात. घाट चढण्यापूर्वी येथे थांबणे भागच असे. त्या मुक्कामाची सोय जाणणारा एक मुत्सद्दी पेशवाईत होऊन गेला, तो म्हणजे नाना फडणवीस. खोपोलीतील तलाव आणि महादेवाचे मंदिर ही त्यांनीच केलेली बांधकामे होत.

‘फडणवीस’ या शब्दाचे मूळ ‘फर्दनवीस’ या फारसी शब्दात आहे. फर्द म्हणजे नोंदीचा कागद आणि नवीस म्हणजे लिहिणारा. ज्याच्या लेखणीखालून राज्याचा जमाखर्च जाई, त्या अधिकाऱ्याचे हे पद. नानांच्या संग्रहातील कागदपत्रे मेणवली दफ्तर म्हणून प्रसिद्ध आहेत. बोरूने लिहिलेली त्या काळची मोडी अक्षरे दोन शतकांनंतरही अभ्यासकांना वाचता येतात, याचे श्रेय कागदाइतकेच शाईलाही द्यावे लागते. खोपोलीच्या तलावाकाठी शाईचा विचार मनात यावा, यास एवढा आधार पुरेसा आहे. तथापि या तालुक्याचे शाईशी असलेले नाते पेशवाईबरोबर संपले नाही.

पाताळगंगेकाठी भेटलेले दोन व्यवसाय

लोणावळ्याच्या तलावांतील पाणी प्रचंड नळांतून घाट उतरून खोपोलीस येते. येथील टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ पासून मुंबईला वीज पुरवीत आले आहे. वीज निर्माण करून झाल्यावर हे पाणी पाताळगंगेत सोडले जाते, म्हणून ही नदी उन्हाळ्यातही वाहती राहते. तिच्या काठी रसायनी परिसरात औद्योगिक क्षेत्र उभे राहिले. त्या क्षेत्रात लेखनसाहित्य बनविणाऱ्या कोकुयो कॅमलिन या कंपनीचाही एक कारखाना आहे. या जोडनावातील दोन्ही शब्दांना व्यापाऱ्यांच्या घरी ओळखीचा वाटेल असा इतिहास आहे.

‘कॅमलिन’ची कथा गिरगावातील. १९३१ मध्ये दिगंबर परशुराम दांडेकर आणि गोविंद परशुराम दांडेकर या बंधूंनी ‘घोडा छाप’ शाईची पूड आणि वड्या विकण्यास आरंभ केला. पूड पाण्यात विरघळवायची, दौतीत भरायची आणि टाक बुडवून लिहायचे, असा तो काळ. पुढे फाऊंटन पेनासाठी ‘कॅमल’ शाई आली. कॅमल आणि इंक हे दोन शब्द जोडून कॅमलिन हे नाव घडले. विशेष म्हणजे पार्कर कंपनीची ‘क्विंक’ ही जगप्रसिद्ध शाईदेखील १९३१ मध्येच बाजारात आली. स्वदेशीच्या भावनेने भारलेल्या त्या दशकात परदेशी शाईसमोर मराठी तरुणांनी आपली बाटली ठेवली आणि शाळा, कचेऱ्या व पेढ्यांनी ती उचलून धरली. रॉयल ब्ल्यू शाईचे डाग बोटांवर वागविणाऱ्या पिढ्या त्यातूनच घडल्या.

‘कोकुयो’ची कथा ओसाकातील. १९०५ मध्ये कुरोदा झेनतारो यांनी तेथे हिशेबाच्या वह्यांची मुखपृष्ठे बनविण्याचा लहानसा धंदा सुरू केला. जपानी पद्धतीच्या खातेवह्यांना टिकाऊ पुठ्ठ्याची गरज असे आणि ओसाका तर व्यापाऱ्यांचेच शहर. मुखपृष्ठापासून आरंभ करून हा व्यवसाय पुढे संपूर्ण वहीपर्यंत पोहोचला. ‘कोकुयो’ म्हणजे आपल्या प्रांताची कीर्ती. तोयामा प्रांतातून आलेल्या संस्थापकाने आपल्या मातीची आठवण व्यवसायाच्या नावात जपली. २०११ मध्ये या कंपनीने कॅमलिनचे बहुसंख्य भागभांडवल घेतले. एकाची सुरुवात वहीच्या पुठ्ठ्यापासून, दुसऱ्याची शाईच्या पुडीपासून. वही आणि शाई अशी ही जोडी आज पाताळगंगेच्या काठी एका फलकावर वाचावयास मिळते.

या भेटीमुळे शिळफाट्याहून जपानकडे पाहण्यास एक निमित्त मिळते. जपानमध्ये गेल्या दोन दशकांत शाईच्या व्यवसायात जे घडले, ते मराठी व्यापारी कुटुंबांनी समजून घ्यावे असे आहे.

बाटलीत भरलेले जुने रंग

संगणक आणि बॉलपेन यांच्यापुढे फाऊंटन पेनाची शाई संपणार असे सर्वत्र वाटत असता, पायलट या जपानी कंपनीने २००७ मध्ये ‘इरोशिझुकु’ नावाची शाईची मालिका आणली. इरो म्हणजे रंग आणि शिझुकु म्हणजे थेंब. निळी, काळी, लाल अशी सरधोपट नावे तिने टाळली. ‘त्सुकियो’ म्हणजे चांदणी रात्र, ‘किरिसामे’ म्हणजे धुक्यासारखा पाऊस, ‘ताकेसुमी’ म्हणजे बांबूचा कोळसा, ‘यामाबुदो’ म्हणजे रानद्राक्ष, ‘इनाहो’ म्हणजे भाताची पिकलेली लोंबी. ५० मिलिलिटरच्या जाड काचेच्या बाटलीच्या तळाशी एक लहान खळगा ठेवलेला असतो. शाई सरत आली की उरलेले थेंब त्यात जमतात आणि निब तेथे टेकवून ते शोषून घेता येतात. शेवटचा थेंबही वाया जाऊ नये, ही काळजी कोणत्याही काटकसरी दुकानदारास आवडेल.

क्योतो येथील टॅग या लेखनसाहित्याच्या दुकानाने याहून खोल पाणी गाठले. वनस्पतींपासून कापड रंगविण्याच्या परंपरेचा अभ्यास करणाऱ्या स्थानिक संस्थेच्या साह्याने त्यांनी ‘क्यो नो ओतो’, म्हणजे ‘क्योतोचे नाद’, ही शाई तयार केली. क्योतो ७९४ मध्ये राजधानी झाली आणि तेथील दरबारी संस्कृतीत वस्त्रांच्या रंगांना भाषेइतकेच महत्त्व आले. त्या रंगांची नावे आता शाईच्या बाटल्यांवर आहेत. ‘नुरेबा-इरो’ म्हणजे ओल्या कावळ्याच्या पंखाचा, निळसर झाक मारणारा काळा. ‘कोके-इरो’ म्हणजे शेवाळाचा रंग. ‘यामाबुकी-इरो’ म्हणजे त्या नावाच्या रानफुलाचा सोनपिवळा. ‘इमायो-इरो’ या नावाचा अर्थ मोठा गमतीचा आहे : ‘आजकालचा रंग’. हजार वर्षांपूर्वी जो लालसर गुलाबी रंग दरबारात नव्या चालीचा म्हणून गाजला, त्याचे नाव अजून ‘आजकालचा’ असेच राहिले आहे.

हा लाल रंग ज्या फुलापासून निघे, ते फूल महाराष्ट्रास परके नाही. जपानी भाषेतील ‘बेनिबाना’ म्हणजे आपली करडई. तिच्या फुलांत पिवळा आणि लाल असे दोन रंग असतात. पिवळा पाण्याने धुवून काढायचा, उरलेला लाल क्षारयुक्त पाण्यात उतरवायचा आणि मग त्यात आंबट द्रव्य घालून कापडावर बसवायचा, अशी ही कष्टाची रीत. मराठीत याच फुलाला कुसुंब आणि त्याच्या रंगाला कुसुंबी म्हणतात. कृत्रिम रंग आल्यावर महाराष्ट्रात करडई तेलबी म्हणून उरली आणि कुसुंबी हा शब्द जुन्या गाण्यांपुरता राहिला. जपानने तेच फूल आणि तोच रंग नावासकट आठवणीत ठेवला.

येथे एक गोष्ट स्पष्ट असलेली बरी. या बाटल्यांतील शाई सामान्यतः कृत्रिम रंगद्रव्यांचीच असते. फाऊंटन पेनाची वाहिनी केसाएवढी बारीक असते. तीत फुलांचा काढा किंवा काजळ भरले तर गाळ बसून पेन बंद पडते. म्हणून जुन्या रंगाची छटा डोळ्यांनी जुळवायची आणि ती पाण्यात पूर्ण विरघळणाऱ्या रंगाने साधायची, असा मार्ग घेतला जातो. घटक नवे असतात, छटा आणि नाव जुने असते. ग्राहक पैसे मोजतो ते मुख्यतः त्या नावासाठी आणि त्यामागच्या स्मृतीसाठी.

बंधनातून जन्मलेले करडे आणि तपकिरी

जपानी रंगांच्या इतिहासात व्यापाऱ्यांचे स्थान मोठे आहे. इ.स. ६०३ मध्ये तेथे दरबारी दर्जे टोप्यांवरून ओळखण्याची पद्धत सुरू झाली. पुढे गडद जांभळा आणि गडद लाल हे रंग सर्वसामान्यांना निषिद्ध ठरले. फिक्या छटांची तेवढी मुभा राहिली. रंग म्हणजे अधिकार, असे ते समीकरण होते.

एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, व्यापारी वर्गाच्या हाती पैसा आला. परंतु समाजाच्या उतरंडीत त्यांना खालची पायरी होती. त्यांनी भपकेबाज वस्त्रे वापरू नयेत, असे हुकूम वारंवार निघत. तपकिरी, करडा आणि निळा हे साधे रंग मात्र चालत. व्यापाऱ्यांनी हुकूम मोडला नाही. त्या मर्यादेतच आपली रसिकता मुरविली. तपकिरीच्या आणि करड्याच्या इतक्या सूक्ष्म छटा निघाल्या की ‘अठ्ठेचाळीस तपकिरी, शंभर करडे’ अशा अर्थाचा वाक्प्रचारच जपानी भाषेत रूढ झाला. हे आकडे मोजून काढलेले नव्हेत. ‘पुष्कळ’ एवढाच त्यांचा अर्थ. काही तपकिरी छटांना लोकप्रिय काबुकी नटांची नावे मिळाली. करड्यात चेरीच्या फुलाची गुलाबी झाक मिसळून ‘साकुरानेझुमी’ झाला. तोही आज क्योतोच्या शाईत मिळतो.

जपानी भाषेत तपकिरी रंगास चहाच्या नावावरून ‘चा’ची जोड मिळते आणि करड्यास उंदरावरून ‘नेझुमी’ म्हणतात. मराठीने तपकिरी हे नाव तपकिरीच्या डबीतून उचलले आणि राखाडी हे चुलीतून. दोन्ही समाजांनी रंग ओळखला तो रोजच्या हाताळण्यातील वस्तूंवरून.

साधेपणाचा स्वीकार करूनही दृष्टी सूक्ष्म ठेवता येते, हे एदोच्या पेढीवाल्यांनी दाखविले. अपरिग्रहाचा संस्कार ज्या घरांत आहे, त्यांना याचे मर्म वेगळे सांगावयास नको.

कोबे : गावाच्या नावाची शाई

जपानच्या कोबे या बंदराशी भारतीय जैन व्यापाऱ्यांचा जुना संबंध आहे. मोत्यांच्या व्यापारासाठी गेलेल्या कुटुंबांनी तेथे घर केले आणि १९८५ मध्ये किटानो भागात भगवान महावीरस्वामींचे संगमरवरी मंदिर उभे राहिले. जपानला जाणारे अनेक जैन यात्रेकरू तेथे दर्शन घेतात.

याच कोबेमध्ये १७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे भीषण भूकंप झाला. शहर आणि परिसरात सहा हजारांहून अधिक माणसे दगावली. शहर पुन्हा उभे राहण्यास अनेकांचे हात लागले. मदत करणाऱ्यांना आभाराची पत्रे कोबेच्या रंगांत लिहावीत, या कल्पनेतून तेथील नागासावा या जुन्या लेखनसाहित्याच्या दुकानातील एका कर्मचाऱ्याने शहरातील ठिकाणांच्या नावांची शाई करून घेतली. २००७ मध्ये पहिले रंग आले. शहरामागील रोक्को डोंगराचा हिरवा, बंदराच्या धक्क्याचा निळा, जुन्या परदेशी वस्तीच्या इमारतींचा तपकिरी. त्यानंतर लवकरच किटानोच्या चढणीचा रात्रीचा निळा आला. जैन मंदिर ज्या भागात आहे, तोच हा भाग. पुढे ही मालिका वाढत गेली आणि तिच्या अनुकरणाने जपानच्या गावोगावच्या दुकानांनी आपापल्या गावाची शाई काढली. पर्यटक आता मिठाईप्रमाणे शाईची बाटलीही गावाची आठवण म्हणून घरी नेतात.

यातील व्यापारी मर्म ध्यानात घेण्यासारखे आहे. नागासावाने शाईचा कारखाना उभारला नाही. शाई बनविण्याचे काम सेलर या पेन कंपनीने केले. दुकानाने दिले ते तीन घटक : गावाची ओळख, रंगाची पारख आणि नाव. भांडवल थोडे, जोखीम बेताची आणि माल असा की दुसऱ्या गावाला त्याची नक्कल करता येत नाही. कारण रोक्को डोंगर एकच आहे.

खालापूर-कर्जतची रंगपेटी

हीच दृष्टी घेऊन शिळफाट्यावर उभे राहिले तर काय दिसेल? आषाढात बोरघाटाच्या कड्यांवरून धबधबे उतरतात आणि काळा कातळ भिजून चकाकतो. क्योतोकरांनी ज्या रंगाला ओल्या कावळ्याच्या पंखाचे नाव दिले, तो येथे डोंगरभर पसरलेला असतो. कठड्यांवर आणि दगडी बांधांवर शेवाळ चढते. जपानी ‘कोके-इरो’ला मराठीत ‘शेवाळी’ हा तयार शब्द आहे. तो शोधावा लागत नाही.

खाचरांत भाताची रोपे लागली की पोपटी रंग येतो, श्रावणात तो गडद होतो आणि दसऱ्याच्या सुमारास लोंब्या पिकू लागतात. इरोशिझुकुतील ‘इनाहो’ हीच पिकलेली लोंबी. कर्जतला भाताचे संशोधन केंद्र आहे आणि तेथे निघालेल्या वाणांना ‘कर्जत’ हेच नाव क्रमांकासह दिले जाते. ज्या गावाच्या नावाने भाताचे बी विकले जाते, त्या गावाच्या नावाने लोंबीचा रंग विकला जाण्यात अवघड काय आहे?

भाद्रपदात डोंगरउतारांवर सोनकी फुलते. यामाबुकीचा सोनपिवळा तो हाच म्हणावा. सात वर्षांनी एकदा बहरणारी कारवी डोंगरावर निळसर जांभळी छटा पसरते. उन्हाळ्याच्या तोंडावर पळस पेटतो. कर्जत आणि खोपोलीच्या दरम्यान असलेल्या पळसदरीच्या नावातच तो आहे. पळसाच्या फुलांचा केशरी रंग होळीसाठी पूर्वीपासून काढला जातो. मे अखेरीस आदिवासी स्त्रिया टोपल्यांतून करवंदे आणि जांभळे विकावयास आणतात. जपान्यांनी रानद्राक्षाच्या नावाने जी छटा विकली, तिच्या जवळची छटा येथे पानांच्या द्रोणात मिळते.

या परिसरातील कातकरी समाजाचे नावच एका रंगद्रव्याशी जोडलेले आहे. खैराच्या लाकडाचा अर्क आटवून कात करणारे म्हणून ते कातकरी. कात विड्यात जातो, तसाच तो कापडावर पक्का तपकिरी रंगही देतो. त्यांची ही विद्या जंगलांवरील निर्बंध आणि बदललेला बाजार यांमुळे मागे पडली. समाजाच्या नावात तेवढी शिल्लक आहे. खैराच्या कातासारखा तपकिरी, असा एक रंग शाईत आला तर त्याच्या नावाबरोबर या माणसांचाही उल्लेख होईल.

मसि आणि वाणिज्य

जैन परंपरा सांगते की, भगवान ऋषभदेवांनी मानवास असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मे शिकविली. मसि म्हणजे शाई, आणि तिच्यावाचून वाणिज्य चालत नाही. ज्ञानभांडारांतील हस्तलिखिते या मसीचे वैभव आजही दाखवितात. काजळ आणि बाभळीचा डिंक घोटून केलेली काळी शाई, शीर्षकांसाठी हिंगुळाचा लाल, कल्पसूत्राच्या मौल्यवान प्रतींत सोन्यारुप्याची शाई. लिहिताना चूक झाली तर त्यावर पिवळा हरताळ फासून अक्षर झाकीत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार आजही वापरात आहे, पण त्यामागची दौत विसरली गेली आहे.

काजळाच्या शाईबाबत एक फरक जाणून घेण्यासारखा आहे. जपानची परंपरागत काळी शाई काजळाचीच. परंतु ती बांधण्यासाठी तेथे प्राण्यांच्या कातडीपासून काढलेला सरस वापरतात. भारतीय मसीत तेच काम झाडाचा डिंक करतो. अहिंसेचा विचार करणाऱ्या ग्राहकाने काजळाच्या जपानी वड्या घेताना हे ध्यानात ठेवावे. किरमिजी रंगाचे मूळही किड्यात आहे. आज त्या नावाची छटा कृत्रिम रंगाने साधता येते, ही समाधानाची गोष्ट होय.

काळ्या शाईची दुसरी रीत हिरड्याची. भीमाशंकर आणि जुन्नरच्या बाजूच्या रानांतून हिरडा गोळा केला जातो. त्याच्या तुरट काढ्यात हिराकस, म्हणजे लोहाचे एक लवण, मिसळले की प्रथम फिकट दिसणारा द्रव कागदावर उतरल्यानंतर हवेतील प्राणवायूने काळा पडत जातो आणि कागदाच्या तंतूंत पक्का बसतो. ही शाई टाकाने किंवा बोरूने लिहिण्यासाठी उत्तम. फाऊंटन पेनात मात्र घरी केलेली हिरड्याची शाई भरू नये, तिच्या आम्लतेने पोलादी निब खराब होतो.

दिवाळीतील वहीपूजन, श्वेतांबरांची ज्ञानपंचमी आणि दिगंबरांची श्रुतपंचमी या दिवशी ग्रंथ आणि लेखनाची साधने पूजेत मांडली जातात. पेढीवर हिशेब संगणकात गेला, वहीपूजनात लॅपटॉपलाही कुंकू लागू लागले. यात वाईट काही नाही. हिशेब चोख राहिला पाहिजे, साधन कोणतेही असो. पण वहीबरोबर शाई गेली, आणि शाईबरोबर रंग हाताने निवडण्याची सवय गेली.

त्याहून मोठा तोटा शब्दांचा आहे. कापडाच्या दुकानात एके काळी कुसुंबी, डाळिंबी, आमसुली, अंजिरी, गुलबक्षी, अबोली, मोतिया, बदामी, श्रीखंडी, विटकरी, मोरपंखी, अस्मानी, चिंतामणी असे शब्द सहज ऐकू येत. गादीवर बसलेला शेठ नुसत्या शब्दावरून नोकरास नेमका गठ्ठा काढावयास सांगे आणि ग्राहक स्त्रीही त्याच शब्दाने मागणी करी. आज तिची नात ‘पर्पल’, ‘ब्राऊन’ आणि ‘ग्रे’ या तीन शब्दांत तीस छटा बसविते. शब्दकोशात हे शब्द राहतील. परंतु विकले-घेतले जाणारे शब्द आणि कोशात ठेवलेले शब्द यांत फरक असतो. आमसुली आणि जांभळा यांतील भेद ज्या डोळ्याला दिसतो, त्याला तो शब्दाने शिकविलेला असतो. शब्द गेला की काही वर्षांनी भेदही दिसेनासा होतो.

जपानमध्येही हेच घडू शकले असते. तेथे दुकानदारांनी जुनी नावे पुन्हा मालावर चढविली, किंमत लावली आणि ती ग्राहकाच्या तोंडी आणली. त्यासाठी भाषणे किंवा ठराव करावे लागले नाहीत.

मराठी रंगनामांची पहिली नोंद करण्यास ज्या घरांत कापडाचा, किराणा-भुसाराचा किंवा लेखनसाहित्याचा धंदा आहे, त्यांच्याइतके योग्य कोणी नाही. येत्या ज्ञानपंचमीस किंवा वहीपूजनाच्या दिवशी एक कोरी वही घ्यावी. घरातील आजी-आजोबा आणि दुकानातील जुने गुमास्ते यांना विचारून प्रत्येक पानावर रंगाचे एक नाव, ते कोणत्या फुला-फळावरून किंवा वस्तूवरून आले त्याची एक ओळ आणि शेजारी त्या छटेचा कापडाचा तुकडा किंवा रंगाचा पट्टा, एवढे नोंदवावे. लिहिणे मुलांनी, आणि शक्यतो शाईच्या पेनाने करावे. पन्नास पाने भरली तरी ती वही कुटुंबाच्या आणि धंद्याच्याही उपयोगाची ठरेल.

मुंबईहून खोपोलीची लोकल थेट मिळते. कर्जत सोडल्यावर पळसदरीच्या पुढे डोंगर उजव्या-डाव्या हातास येत जातात. स्थानकावरून नानांचा तलाव आणि मंदिर पाहून शिळफाट्यापर्यंत फेरी करता येते. पावसाळ्यात आणि पुन्हा फाल्गुनात अशा दोनदा गेल्यास शेवाळीपासून पळसाच्या केशरीपर्यंत बहुतेक रंग पदरी पडतात. वही बरोबर असावी. कोबेची शाई एका दुकानातील एका माणसाच्या कल्पनेतून सुरू झाली होती. खोपोली आणि कर्जतच्या बाजारपेठेतही दुकाने आहेत, आणि शाई करून देणारे भारतात आजही आहेत.